भाभांनी पैसे कसे मागितले?

संस्थेचा इतिहास सांगताना आपण बहुधा कोनशिलेपासून सुरुवात करतो. त्याआधी कोणीतरी पैशासाठी अर्ज लिहिलेला असतो, तो मात्र विस्मरणात जातो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बाबतीत असे पत्र आहे. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी ते सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना लिहिले.

भाभा १९३९ साली केंब्रिजहून सुटीवर आले होते. युद्ध पेटले, आणि ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांनी जे. आर. डी. टाटांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाला आपल्याकडे पुरेसे पाठबळ नाही, अशी खंत कळवली. जेआरडींचे उत्तर व्यवहारी होते : ठोस योजना मांडा, तिला भक्कम कारणे द्या, मग ट्रस्ट मदत करील अशी पुष्कळ आशा आहे.

सात महिन्यांनी गेलेले पत्र म्हणूनच मुळात वेगळे आहे. देशात चांगले संशोधक आहेत, पण ते विखुरलेले आहेत. एकत्र आले तर त्यांच्या हातून अधिक चांगले काम होईल, असे भाभा सांगतात. उद्योगांसाठी चालणारे संशोधन सुमार का ठरते? दर्जा ठरवणारे मूलभूत संशोधकच कमी आहेत म्हणून. आणि दोनेक दशकांत अणूपासून वीज मिळू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशात शोधावे लागणार नाहीत. हे हिरोशिमाच्या सतरा महिने आधी लिहिलेले आहे! शिकागोची पहिली शृंखला अभिक्रिया १९४२ साली झाली होती, पण ती गुप्त होती. आपली योजना अजून बीजरूपातच आहे, हेही ते मोकळेपणाने सांगतात.

आम्हीही शाळेच्या प्रयोगशाळेसाठी अर्ज केले आहेत. त्यांत उपकरणांची यादी असे, शेवटी ‘मदत व्हावी ही विनंती’ असे. ती उपकरणे आल्यावर मुलांना काय करता येईल, हे आम्ही कधी लिहिलेच नाही.

अर्थात सर दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या भाभांच्या आत्या होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. अनोळखी प्राध्यापकाचे पत्र इतक्या आस्थेने वाचले गेले असते का, अशी शंका आम्हाला येते.

विश्वस्तांनी एप्रिल १९४४ मध्ये योजना मान्य केली. मुंबई सरकारही सहभागी झाले. जून १९४५ मध्ये बंगलोरला काम सुरू झाले आणि त्याच वर्षाअखेर संस्था मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. भाभांचा जन्म याच वास्तूत झाला होता. पुढे १९५४ साली ट्रॉम्बेचे अणुकेंद्र उभे राहिले, तेव्हा सुरुवातीची बरीच माणसे याच संस्थेतून गेली. तारापूरची वीज मात्र १९६९ साली आली, म्हणजे पत्रानंतर २५ वर्षांनी. आणि तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी कंपनीने बांधून दिल्या होत्या.