खोक्यावरचे आकडे आणि शनीची कडी

१९९५ साली ऐन दिवाळीत आलेले सूर्यग्रहण आपल्या बॅचपैकी कोणी विसरले नसेल. सुट्टी संपल्यावर विज्ञानाच्या सरांनी शाळेची नवी दुर्बीण गच्चीवर मांडली. साठ मिलिमीटर व्यासाचे भिंग, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४५० पट’. दहावीचा अख्खा वर्ग रांगेत उभा होता. प्रत्येकाला शनीची कडी बघायची होती. दिसला तो फक्त एक थरथरणारा, धुरकट पिवळा ठिपका. “सर, दुकानदाराने तुम्हाला चांगलंच फसवलं!” असे मी मोठ्याने म्हणाले आणि सगळे हसले. सर काहीच बोलले नाहीत. दुर्बीण कपाटात गेली आणि आपण शाळा सोडेपर्यंत बाहेर आली नाही.

पुढे मी इंजिनिअर झाले. सॉफ्टवेअर चालत नसेल तर दोष कोणाचा, हे शोधण्यात माझा अर्धा दिवस जातो. त्याच सवयीने दुर्बिणींचा इतिहास वाचू लागले. दुर्बीण चांगली की वाईट, हे ठरवतात तरी कसे?

गॅलिलिओनंतर जवळजवळ अडीचशे वर्षे त्याला खात्रीची मोजपट्टी नव्हती. तारा बघायचा आणि मत द्यायचे. १८५८ मध्ये फ्रान्सच्या लिआँ फुको यांनी सोपी युक्ती काढली. वक्र आरशासमोर प्रकाशाचे बारीक छिद्र ठेवायचे आणि परत येणारे किरण जिथे एकवटतात तिथे धारदार पाते आडवे सरकवायचे. आरशावरचे उंचसखल भाग सावल्यांच्या रूपाने डोळ्यांना दिसतात. १८७९ मध्ये लॉर्ड रॅले यांनी चुकीची मर्यादा सांगितली. प्रकाशलहरीत पाव तरंगलांबीपेक्षा जास्त बिघाड झाला, तर प्रतिमा खालावलेली दिसू लागते. हिरव्या प्रकाशासाठी पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे १४० नॅनोमीटर. आरशावरची चूक परावर्तनात दुप्पट होते, म्हणून आरशाला मुभा त्याच्या निम्मीच. केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग!

एवढी बारीक चूक हौशी माणूस घरी पकडू शकतो, हे अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावाने दाखवले. तिथे १९२० मध्ये रसेल पोर्टर यांनी यंत्रकारखान्यातल्या लोकांना आरसे घासायला शिकवले. त्या वर्गात एक स्त्रीही होती. १९२५ मध्ये अल्बर्ट इंगल्स यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या मंडळींवर लिहिले आणि हा छंद देशभर पसरला. दिवा आणि दाढीचे पाते एवढ्यावर ‘पाव लहर’ ही हौशी लोकांची कसोटी झाली. पुण्याच्या आयुकातील दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळांमध्येही आरसा तपासायला फुकोचीच पद्धत वापरतात.

विकतच्या दुर्बिणींचे काय? जपानने निर्यातीच्या मालासाठी तपासणी संस्था नेमली. तिचा ‘पास्ड’ असा छोटा स्टिकर जुन्या जपानी दुर्बिणींवर अजून दिसतो. तरीही आयपीसच्या नळ्या जुळत नसत. जपानी लहान दुर्बिणींची नळी साडेचोवीस मिलिमीटरची, तर अमेरिकी सव्वा इंचाची. पुढे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने म्हणजे आयएसओने खगोलीय दुर्बिणींसाठी १४१३४ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. मात्र अशी मानके स्वेच्छेने पाळायची असतात. त्यामुळे खोक्यावर कोणी काहीही छापावे, हे थांबले नाही. भिंगाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, हा हौशी निरीक्षकांचा जुना हिशेब. म्हणजे आपल्या दुर्बिणीला १२० पट पुरे. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण नवे काही दिसत नाही.

म्हणजे माझे बरोबर होते? अर्धेच. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून बरोबर कडेने दिसण्याचा योग आला, तेव्हा मी आपल्या शाळेच्या वेळच्या तारखा शोधल्या. १० ऑगस्ट १९९५ आणि ११ फेब्रुवारी १९९६! आपण गच्चीवर होतो तेव्हा कडी जवळजवळ कडेनेच आपल्याकडे वळलेली होती. उत्तम दुर्बिणीतूनही एक बारीक रेघच दिसली असती. पुस्तकातले चित्र त्या वर्षी आकाशात नव्हतेच.

मोजपट्टी नसली की दोष हाताशी असलेल्या माणसावर जातो. मी तो सरांवर टाकला.

सर, तीस वर्षे उशीर झाला, पण माफ करा. शनीची सूर्याभोवतीची एक फेरीही साडेएकोणतीस वर्षांची असते, तेवढीच माझी सबब. कडी आता पुन्हा उघडू लागली आहेत. ती दुर्बीण अजून कपाटात असेल, तर मेळाव्यानंतर एखाद्या संध्याकाळी, शनी वर असताना, गच्चीवर काढू या. या वेळी कमी पटींचा आयपीस मी घेऊन येते. आणि पहिला डोळा तुम्ही लावायचा.