आकडा खोक्यावरचा, वेग तारेचा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. घरच्या संगणकाला ते जोडायचे तर मॉडेम हवा. संगणकाचे अंक आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेवर सोडायचे आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा अंक करायचे, हे त्याचे काम. ती किरकिर ज्यांनी ऐकली, ते विसरणार नाहीत.

पण कोणता घ्यावा? १९९७ मध्ये सेकंदाला ५६ हजार बिटांचे मॉडेम आले ते भांडतच. यूएस रोबोटिक्सचा ‘एक्स-२’ आणि रॉकवेल-ल्यूसंटचा ‘के-५६ फ्लेक्स’ यांना एकमेकांची भाषा कळत नसे. सेवा देणाऱ्याकडे दुसरा प्रकार असला, की नवाकोरा मॉडेम ३३,६०० किंवा त्याखाली उतरे. १९९८ मध्ये ‘व्ही-९०’ हे सामाईक मानक ठरले, तेव्हा हा घोळ मिटला.

खरी गोम मात्र तारेत होती. एक्स्चेंजपासून पुढचा मार्ग पूर्ण डिजिटल असेल, तरच ५६ हजारांची आशा. तीही फक्त येणाऱ्या माहितीची. जुने एक्स्चेंज असले, की खोक्यावरचा आकडा शोभेचा!

संगणकात बसणारी स्वस्त कार्डे बरेचसे काम प्रोसेसरवर ढकलत. बाहेरचा मॉडेम महाग, पण जोडणी कुठे अडली ते त्याचे दिवे सांगत. माझे मत त्याच्याच बाजूचे. जोडणी तुटली की नवा कॉल, आणि कॉलचे पैसे वेगळे. म्हणून दुकानात जाण्याआधी रिसीव्हर कानाला लावून लाइनमधली खरखर ऐकणे शहाणपणाचे होते.