विहिरीला दोर किती लागतो?

विहिरीचं पाणी खोल गेलं, हे घरात सगळ्यांत आधी कुणाला कळतं? पाणी शेंदणाऱ्या बाईला. मागच्या उन्हाळ्यात पुरलेला दोर यंदा पुरत नाही, तेव्हा ती त्याला दोन हात आणखी जोडते आणि कामाला लागते. ते दोन हात कुठे लिहिले जात नाहीत. आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा काढायला लागून दीडशे वर्षं होत आली. वरोऱ्याला 1870 च्या दशकात इंग्रज सरकारने खाण सुरू केली; ती 1906 मध्ये बंद पडली. मग बल्लारपूर, घुग्गुस, चंद्रपूर या भागात खाणी चालल्या. त्या काळी माणसं जमिनीखाली उतरून कोळसा काढत. 1973 मध्ये खाणी सरकारने ताब्यात घेतल्या, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी झाली. पुढे दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती अशा खुल्या खाणी आल्या.

खुल्या खाणीत वरची माती, दगड सगळं उचलून बाजूला ढीग लावतात. आपल्याकडे कोळशाच्या वर रेतीच्या दगडाचे थर आहेत. हा दगड पाणी धरून ठेवतो आणि तेच पाणी बऱ्याच विहिरींना येतं. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की चहूबाजूंचं पाणी त्यात झिरपतं. खाण बुडू नये म्हणून पंप ते उपसत राहतात. जवळच्या विहिरी आधी खाली जातात, लांबच्या उशिरा आणि कमी. ढिगाऱ्यांतून झिरपणारं पावसाचं पाणी क्षार घेऊन खाली उतरतं. असं पाणी जड होतं. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही.

पण पाणी खाणीमुळेच गेलं, हे ठरवायचं कसं? पाऊस कमी झाला असेल, शिवारात बोअर वाढले असतील. म्हणून जाणकार दोन गोष्टी बघतात. खाण सुरू होण्याआधी पातळी किती होती? आणि तेवढाच पाऊस पडलेल्या, पण खाणीपासून लांब असलेल्या विहिरीत काय झालं? लांबची विहीर जागेवर आहे आणि जवळची दरवर्षी खाली जाते, तर संशय खाणीकडे वळतो. आधीची नोंदच नसेल, तर दोन्ही बाजू नुसत्या बोलत राहतात.

1994 मध्ये मोठ्या खाणींसाठी पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल कायद्याने सक्तीचा झाला. 1997 मध्ये जनसुनावणी आली. 2006 च्या नियमांत सुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी द्यायची आहे. त्या अहवालात भूजलाची माहिती असते. ती आपल्या विहिरीशी जुळते का, हे विचारायला आपल्याजवळ आकडा हवा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींचं पाणी वर्षातून चार वेळा मोजते, पण गावातली प्रत्येक विहीर त्यात नसते.

म्हणून बचत गटाच्या वहीत एक पान विहिरीसाठी ठेवा. कठड्यावर रंगाची खूण करा. दोराला दगड बांधून खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, सकाळी, मोटर सुरू होण्याआधी. मे महिन्याच्या शेवटी एकदा, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा. एक विहीर खाणीजवळची, एक लांबची. तारीख लिहा, पाण्याची चव बदलली तर तेही लिहा, खाली दोघींनी सही करा. खाण अजून आली नसेल तर आजच सुरू करा. आली असेल तरीही करा, कारण ती पुढे वाढणार असते.

पुढच्या बैठकीला वहीबरोबर मोजपट्टीही आणा.