ध्वनिवेगाच्या उंबरठ्यावरील भारतीय विमानविद्या : आघात तरंगांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून नाशिककडे जाताना ओझर येथे विमानांचा कारखाना लागतो. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्यात सोव्हिएत परवान्यान्वये मिग-२१ ही स्वनातीत विमाने तयार झाली. खानदेशाच्या वेशीवरील या घटनेचा उल्लेख औद्योगिक विकासाच्या संदर्भात होतो. परंतु ध्वनिवेग ओलांडण्यामागील ज्ञान भारतात कसे रुजले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप :

पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून वाहताना हवेचा वेग वाढतो. त्यामुळे विमान ध्वनिवेगापेक्षा कमी वेगाने जात असतानाही पंखावरील काही भागात हवा ध्वनिवेग ओलांडते. या भागाच्या शेवटी आघात तरंग निर्माण होतो व तेथे हवेचा दाब एकाएकी वाढतो. पंखालगतचा हवेचा मंद व पातळ थर, म्हणजे सीमास्तर, हा दाब सहन करू शकला नाही तर तो पृष्ठभागापासून सुटतो. अशा वेळी तरंग पुढे सरकतो; सीमास्तर पुन्हा पंखाला चिकटला की मागे येतो. हे आवर्तन सुरू राहिल्यास पंखाची उचल कमीजास्त होत राहते आणि विमानाला हादरे बसतात. तात्पर्य, तरंगाच्या अस्थिरतेचे रहस्य बऱ्याच अंशी सीमास्तरात दडलेले आहे.

ज्ञानपरंपरा आणि भारत :

सीमास्तराची संकल्पना लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडली. याच प्रांटल यांच्याकडे गटिंगेन येथे कोल्हापूर भागातील विष्णू माधव घाटगे यांनी डॉक्टरेट संपादन केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या वैमानिक अभियांत्रिकी विभागाच्या प्रारंभिक जडणघडणीत त्यांचा सहभाग होता. त्यांच्या नेतृत्वाखाली रचना झालेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने ऑगस्ट १९५१ मध्ये उड्डाण केले. त्याच वर्षी सतीश धवन यांनी अमेरिकेत लीपमन व रोश्को यांच्यासह आघात तरंग आणि सीमास्तर यांच्या परस्परक्रियेवरील संशोधन प्रसिद्ध केले. बंगळूरला आल्यावर त्यांनी देशातील पहिले स्वनातीत विंड टनेल म्हणजेच वातविवर उभारले.

मारुतचा अनुभव :

जर्मन अभियंता कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळूरला आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या एचएफ-२४ मारुत विमानाकडून ध्वनिवेगाच्या दुप्पट वेगाची अपेक्षा होती. १९५९ मध्ये त्याच्या आकाराचे पूर्णाकृती लाकडी ग्लायडर उडवण्यात आले. कमी वेगातील वर्तन त्यातून कळले. आघात तरंगांचे वर्तन मात्र ग्लायडरमधून कळणे शक्य नव्हते. १७ जून १९६१ रोजी मारुतने पहिले उड्डाण केले. परंतु अपेक्षित ऑर्फियस-१२ इंजिन न मिळाल्याने ऑर्फियस-७०३ इंजिनावरच भागवावे लागले आणि विमान ध्वनिवेगाच्या उंबरठ्यावरच राहिले. राष्ट्रीय वैमानिक प्रयोगशाळेचे १.२ मीटरचे त्रिध्वनिक वातविवर १९६७ मध्ये कार्यान्वित झाले, म्हणजे मारुतच्या पहिल्या उड्डाणानंतर सहा वर्षांनी.

याच दशकात ओझरला मिग-२१ आले. वायुसेनेला हवा असलेला वेग परवान्याने मिळाला. त्या वेगामागील प्रश्न स्वतः सोडवण्याचा अनुभव मात्र परवान्याबरोबर येत नाही. यात ओझरच्या कामगारांचे कौशल्य कमी लेखण्याचा हेतू नाही. उत्पादनाचे ज्ञान आणि रचनेचे ज्ञान यांत फरक करणे इतिहासकाराला आवश्यक आहे, एवढेच येथे सुचवायचे आहे.

समारोप :

मारुतची गणना बहुधा अपुऱ्या यशात केली जाते. तथापि त्या काळात उभी राहिलेली माणसे, प्रयोगशाळा व वातविवरे पुढे उपयोगी पडली. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या तेजस विमानाच्या चाचण्या याच त्रिध्वनिक वातविवरात झाल्या. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये वायुसेनेतून निवृत्त झाले. यंत्राचे आयुष्य संपते, ज्ञानाची परंपरा मात्र जोपासली तर टिकते. मराठी माध्यमातील इतिहासाच्या अध्यापनात युद्धांबरोबर या परंपरेलाही स्थान मिळावे. प्रांटल यांच्या शिष्यवर्गात एक मराठी संशोधक होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.