विटेतला विस्तव

दिवाळीची थंडी पडू लागली की माझी आजी रात्री चुलीत एक वीट ठेवी. स्वयंपाक उरके, चूल विझे. पण फडक्यात गुंडाळलेली ती वीट तिच्या दुखऱ्या गुडघ्यांपाशी कितीतरी वेळ ऊब देत राही. पुढे मुलांना शिकवण्यासाठी मी लोखंडाच्या भट्ट्यांचा इतिहास चाळला, तेव्हा आजीची ती वीट मला थेट विलायतेत भेटली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिकडचे कारखानदार भट्टीत मुद्दाम थंड वारा फुंकीत. हिवाळ्यात भट्टी बरी चालते, तेव्हा हवा गारच असावी, हा त्यांचा तर्क. हवेच्या टाक्यांना ते पांढरा रंगदेखील देत! खरे कारण होते हिवाळी हवेचा कोरडेपणा. ग्लासगोच्या गॅस कारखान्यातल्या जेम्स नीलसनने १८२८ साली नेमके उलट केले. हवा तापवून आत सोडण्याचे पेटंट घेतले. टनभर लोखंडामागे सुमारे ८ टन कोळसा लागे, तो लवकरच ५ टनांवर आला. मात्र हवा तापवणाऱ्या लोखंडी नळ्या फार तापल्या की तडकत.

१८५७ साली एडवर्ड काउपरने नळ्या सोडून विटा घेतल्या. विटांचा मनोरा तापवायचा, मग त्यातून थंड हवा फुंकायची. एक मनोरा तापतो तोवर दुसरा उष्णता देतो. पुढे भट्टीतून वाया जाणारा वायूच या कामी जाळू लागले. सारी दृष्टी काटकसरीची, आजीसारखीच.

कोळशाच्या जागी आता ऊन-वाऱ्याची वीज येऊ पाहते. कॅलिफोर्नियात पिक्स्ली येथील इथेनॉलच्या कारखान्यात २०२३ साली राँडो कंपनीने विटांची कोठी बसवली. साठा २,००० युनिटांचा. वीज स्वस्त असेल तेव्हा शेगडीसारख्या तारा लाल करून विटा हजार अंशांपलीकडे तापवायच्या आणि हवी तेव्हा वाफ करायची.

“गुरुजी, त्या वाफेवर परत वीजच का करत नाहीत?” एका मुलीने विचारले. तसे केले तर निम्म्याहून अधिक ऊर्जा वाटेतच जाते. कारखान्याला उष्णताच हवी असता हा द्राविडी प्राणायाम कशाला?

२०२५ साली त्याच राज्यात १,००,००० युनिटांची कोठी सुरू झाली. तिची वाफ जमिनीतले घट्ट खनिज तेल पातळ करून उपसण्यासाठी आहे, असे मी सांगितले. वर्ग हसला.

ती मुलगी हसली नाही. “पण गुरुजी, मग ते तेल जाळणारच ना?”

मी फळा पुसायला घेतला.