हुंडी, पेठ आणि दुवा

वरळीच्या बी. डी. डी. चाळींतून माझ्या एका स्नेह्यांचें बिऱ्हाड अलीकडे नव्या इमारतींत हललें. त्या वेळीं पोटमाळ्यावरची जुनी पेटी खालीं आली व तींत मोडी कागदांचे दोन रुमाल निघाले. कोंकणांतील वडिलोपार्जित जमिनीचे हे कागद पुण्याच्या एका जाणकार गृहस्थांकडून वाचून घ्यावयाचे होते. मूळ कागद टपालांत टाकण्याचा धीर कोणालाच होईना. म्हणून पुतण्यानें पहिल्या रुमालांतील चारशें पानांच्या प्रतिमा घेतल्या. एकेक प्रतिमा सुमारें २६ मेगाबाइटची, म्हणजे सारा ऐवज १० गिगाबाइटांवर गेला. जीमेलची मर्यादा २५ मेगाबाइट. तेव्हां एक पानही जाईना. शिवाय ई-मेलमधून जातांना जोडपत्राचें अक्षरांत रूपांतर होतें व तें एकतृतीयांशानें फुगतें, तें निराळेंच.

पुतण्यानें मग सारा ऐवज एका कंपनीच्या साठवणींत ठेविला आणि त्याचा दुवा भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून दिला. चौथ्या दिवशीं एका अनोळखी दलालाचा फोन आला. जमिनीच्या चतुःसीमा त्याला घरच्यांपेक्षां अधिक ठाऊक होत्या!

इतिहासाच्या अभ्यासकास या प्रकारांत ओळखीचें असें बरेंच दिसतें. जें जड आहे तें हलवावयाचें नाहीं, त्यावरील हक्काची चिठ्ठी तेवढी हलवावयाची, हा उपाय आपल्या सावकारांनीं फार पूर्वीं योजिला होता. पेशवाईंत लाख रुपये रोकड उत्तरेंत न्यावयाची म्हणजे अकराशें किलोंच्या आसपास चांदी वाटमारीच्या मुलुखांतून न्यावयाची. जनावरें, स्वार, पहारे सारेंच आलें. त्यापेक्षां पुण्याच्या पेढीवर पैका भरावा, हुंडणावळ द्यावी आणि एक हलका कागद पुढें धाडावा, हें सोयीचें. आजचा दुवा ही एक प्रकारें हुंडीच आहे, आणि साठवणीची कंपनी ही पेढी.

मात्र हुंडी लिहिणारा सावकार आमच्या पुतण्याहून सावध होता. ही रक्कम कोणास द्यावयाची, हा त्याचा पहिला प्रश्न असे. जो दाखवील त्यास पैका मिळावा, अशी देखणहार हुंडी असे. पण शहाजोग हुंडीचा पैका बाजारांत पत असलेल्या ‘शहा’लाच मिळे, आणि पुढें लबाडी निघाल्यास तो शहा जबाबदार धरला जाई. वाटेंत हुंडी लुटणाऱ्या चोरास तिचा उपयोग तो काय? नामजोग हुंडींत तर नांवच घातलेलें असे. रकमेचा आंकडा कोणी खोडून वाढवूं नये म्हणून ‘रुपये हजार, निमे पांचशें, त्याची दुप्पट’ अशा धर्तीवर ती फिरवून लिहीत. मूळ हुंडी हरवल्यास पेठ, पेठही गेल्यास परपेठ. आजचे संगणकशास्त्री फाइल वाटेंत बदलली नाहीं ना हें पडताळण्यासाठीं तिचा एक आंकडा काढतात. त्याचें बीज मला या ‘निमे पांचशें’मध्यें दिसतें.

तथापि कागद हलका झाला म्हणजे मजकूर सुरक्षित झाला, असें नव्हे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर अनर्थ झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळीं कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या सुमारास त्यांच्या हातीं लागलें तें सावकारी पेढीचें पत्र, दुसऱ्याच कोणाच्या नांवाचें. दोन मोत्यें गेलीं, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुप्यातांब्याची तर गणतीच नाहीं, असा त्याचा आशय. सावकारांची ही सांकेतिक भाषा जवाहिऱ्याच्या हिशेबासारखी दिसे. पण पेशव्यांना ती उलगडावयास वेळ लागला नाहीं. दोन मोत्यें म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. तें पत्र पेशव्यांसाठीं नव्हतें, तरी तें त्यांनीं फोडलें, वाचलें आणि समजून घेतलें. ज्या संकेताची किल्ली चारचौघांच्या बोलण्यांतच पडलेली असते, तो जन्मतारखेच्या पासवर्डाइतकाच कच्चा.

आमच्या स्नेह्यांनीं पुढें जुना दुवा बंद केला. पुतण्यानें साऱ्या प्रतिमा आपल्याच संगणकावर कूटबद्ध करून एका गाठोड्यांत बांधल्या, म्हणजे पेढीवाल्यालाही आंत काय आहे हें कळूं नये. हें मात्र जुन्या सावकाराला साधलें नसतें. त्याला रक्कम ठाऊक असणें भागच होतें. नवा दुवा पुण्याच्या गृहस्थांच्या एकट्याच्या खात्यापुरता, आणि तोही सात दिवसांचा. परवलीचा शब्द त्यांना फोनवर सांगितला, ई-मेलमध्यें लिहिला नाहीं. पडताळ्याचा आंकडाही वाचून दाखविला, तो तिकडे जुळला.

एका बाबतींत मात्र हुंडीची उपमा लंगडी पडते. हुंडी एकदां सकारली कीं तिचा खोका होई. तिच्यावर पुन्हा दमडी निघत नसे. दुवा कितीही जणांनीं कितीही वेळां वटवावा, मूळ ऐवज जागचा हलत नाहीं, म्हणून धन्याला चोरी झाल्याचें कळतही नाहीं. दुवा बंद झाला तरी दलालाजवळची प्रत त्याच्याजवळच राहिली आहे. गेल्या आठवड्यांत त्याचा पुन्हा फोन आला होता. दुसरा रुमाल अजून सोडलेला नाहीं. तो पुण्यास स्वतः घेऊन जावा, असें स्नेह्यांच्या मातोश्रींचें म्हणणें आहे.