मत्स्यबीजाचा इतिहास आणि आपले कर्तव्य



पालखी वाहणे आणि जाळे टाकणे हे आपल्या भोई समाजाचे पिढीजात व्यवसाय होत. पालखी गेली, जाळे राहिले. परंतु त्या जाळ्यात येणारा मासा जन्मतो कसा, या इतिहासाकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीला व अरबी समुद्राला मिळते. घाटावरची पैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यात जाते. दिशा दोन, तरी निसर्गाचा नियम एकच. मृगाचे पहिले पूर आले की मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यानाल्यांत चढतात व उथळ पाण्यात अंडी घालतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. आमच्या लहानपणी हे मासे पाट्या भरभरून धरले जात. गाभोळीची मादी चवीला अधिक, एवढेच आम्हांस ठाऊक होते. त्या गाभोळीत पुढील वर्षाचे आपले पीक आहे, हे कोणी सांगितले नव्हते.

पुढे धरणे व तलाव झाले. त्यांत सोडण्याजोगे रोहू, कटला व मृगळ हे मासे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. ते तलावात वाढतात, वयात येतात, मादीचे पोट अंड्यांनी भरते. तथापि पुराच्या वाहत्या पाण्यावाचून ती अंडी घालीत नाही. म्हणून पूर्वी बंगालच्या नद्यांत बीज गोळा करून, मडक्यांत भरून, ते रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत नेत. वाटेत कित्येक बीज मरे. शिवाय त्यात नको त्या जातींची भेसळ असे.

ही अडचण एका लहानशा ग्रंथीने दूर केली. माशाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचल्यास दुसरा मासा प्रजननास प्रवृत्त होतो, हे अर्जेंटिना व ब्राझील येथील शास्त्रज्ञांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत दाखविले होते. आपल्या देशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसातील अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी, ऐन आषाढात, हा प्रयोग यशस्वी केला. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. जलाशयांत सोडली जाणारी रोहू-कटल्याची बोटुकली पुढे बहुतेक याच मार्गाने जन्मू लागली.

येथेच एक भ्रम उत्पन्न होतो. बीज विकत मिळते, मग चढणीचा मासा सोडावा कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. परंतु वाम, शिंगाळा, मळे इत्यादी गावठी माशांची बोटुकली सहसा कोणी आणून सोडीत नाही. त्यांची शाळा एकच, तो आपला ओढा. ज्याच्याकडे तलावाचा ठेका नाही, अशा गरीब बांधवाची चूल याच माशांवर पेटते.

सुरुंग वा विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्याने मनाई केली. कोकणकिनाऱ्यावर यांत्रिक नौकांना पावसाळ्यात बंदी असते. तेथील माकूल तर एकदा विणीचा हंगाम साधून जगाचा निरोप घेते, मग तिची अंडी तेवढीच मागे उरतात. आपल्या ओढ्यावर पहारा कोण ठेवणार? तो आपणच ठेवावयाचा आहे. ज्येष्ठ-आषाढात ओढ्याच्या तोंडाशी जाळे लावू नये, असा ठराव प्रत्येक गावच्या पंचांनी करावा, एवढीच आमची नम्र विनंती.

शेतकरी उपाशी राहतो, पण बियाणे खात नाही. आपणही पाण्याचे शेतकरीच आहोत.